जितूचा पासवर्ड

मेल आला तेव्हा क्षितिजा लसूण सोलत होती. वसई पूर्वेला एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, तिथून आला होता. जानेवारीत कधीतरी तिने तिथे अर्ज केला होता आणि विसरूनही गेली होती. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला दिला होता, मुदत आठवड्याची. पसंत पडला तर मुलाखत. तिने मेल वाचला, फोन पालथा घातला आणि राहिलेला लसूण सोलला.

"कोणाचं आलं?" आईने विचारलं.

"नोकरीचं."

"बरं."

आचरेकरांच्या घरात आता एवढंच बोलणं व्हायचं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी क्षितिजाचा मोठा भाऊ जितेंद्र मित्राच्या शेतावर चांदीपला गेला होता. परत येताना महामार्गावर त्याच्या बाइकला मागून टेम्पोने धडक दिली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पहिल्या महिन्यात माणसं येत होती, रडत होती, चहा पीत होती. मग येणं थांबलं. बाबा बँकेत जायला लागले, आई स्वयंपाक करायला लागली आणि क्षितिजा घरात बसून राहिली. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे, रडतही नाही. तिला स्वतःला आपण खंबीर बिंबीर आहोत असं काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच असून आपला नसलेला, तसं तिला आतून वाटत होतं.

घरात लॅपटॉप एकच होता, जितूचा. नालासोपाऱ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, त्याच्यावर तो असायचा. आई रोज सकाळी पूजा झाली की त्याचं चार्जिंग लावायची आणि दुपारी काढायची. कोणी वापरत नव्हतं. तरी बॅटरी उतरू द्यायची नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

लॅपटॉपवर अकाउंट मात्र दोन होती. एक जितूचं. दुसरं क्षितिजाचं, ती बीएस्सी आयटीला गेली तेव्हा त्यानेच काढून दिलेलं. तिच्या अकाउंटला ॲडमिनचे अधिकार नव्हते. "तुला ॲडमिन केलं तर आठवड्यात पंचवीस गेम आणि पन्नास व्हायरस आणशील," तो म्हणाला होता. काही टाकायचं असलं की ती त्याला हाक मारायची. तो जेवता जेवता उठून यायचा, डाव्या हाताने पासवर्ड टाकायचा आणि परत ताटावर जाऊन बसायचा. तो काय टाकतो ते तिने कधी बघितलं नाही. बघायची गरजच पडली नव्हती.

त्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसली. प्रोग्रॅम लिहायला एडिटर हवा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये होता तोच तिने डाउनलोड केला आणि त्यावर क्लिक केलं. सगळा पडदा काळवंडला आणि मधोमध एक चौकट आली. पुढे जायचं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. त्याखाली नाव होतं, जितेंद्र आचरेकर. नावाशेजारी गोल चौकटीत त्याचा फोटो.

फोटोत तो हसत होता. डोक्याला गमछा, मागे भाताचं हिरवं शेत.

आई भांडी आवरून हात पुसत येत होती. ती वाटेतच थांबली.

"हा कुठला फोटो?"

"चांदीपचा असेल. आधी कधीतरी गेला असेल तेव्हाचा."

"आपल्याकडे नाही हा."

"नाही."

आई जवळ आली. चष्मा आत राहिला होता म्हणून तिने डोळे बारीक केले. "मोठा नाही होत?"

"नाही, आई. हे नुसतं पासवर्ड विचारतंय. एक तर पासवर्ड द्यायचा, नाहीतर 'नाही' दाबायचं. दुसरं काहीच करता येत नाही."

"मग 'नाही' नको दाबूस इतक्यात."

क्षितिजाने माउसवरचा हात काढून घेतला. खाली भंगारवाला ओरडत गेला. आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि क्षितिजा तिच्या हाताकडे बघत होती. बोटांना साबणाचा वास होता. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं, पण आलं नाही. थोड्या वेळाने चौकट आपोआपच गेली आणि पडदा पूर्ववत उजळला.

"गेला," आई म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी क्षितिजा लॅपटॉप पिशवीत घालून स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने मान वर न करताच ऐकून घेतलं.

"पासवर्ड विसरलात? सोडा, दहा मिनिटात उडवतो."

"विसरले नाही. तो माझ्या भावाचा आहे."

"मग त्याला विचारा ना."

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. दुकानदाराने वर बघितलं, आणि मग त्यालाच काहीतरी समजलं असावं. त्याचा आवाज खाली आला. "फाइली कुठे जाणार नाहीत, ताई. फक्त पासवर्ड निघून जाईल. मग कोणीही उघडू शकेल."

कोणीही उघडू शकेल, हे तिने मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं. "घरी विचारून सांगते," ती म्हणाली आणि लॅपटॉप परत पिशवीत घातला.

घरी तिने विचारलं नाही. कसं विचारायचं तेच तिला कळेना. जेवताना बाबांनी आमटीत मीठ नसल्याचं सांगितलं नाही आणि आईच्याही ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. बाबांच्या आंघोळीचं पाणी पडत होतं, आई देवापाशी होती. क्षितिजाने लॅपटॉप उघडला आणि पुन्हा त्या एडिटरवर क्लिक केलं. चौकट आली. जितूची जन्मतारीख टाकून बघू, एकदाच, असं तिच्या मनात आलं. तिने ती टाकली.

पासवर्ड चुकला असं काही आलं नाही. आलं ते वेगळंच. हे अकाउंट सध्या बंद केलेलं आहे, फार वेळा चुकीचा पासवर्ड दिला गेला आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

तिने तर एकदाच टाकला होता.

"आई, तू लॅपटॉपला हात लावलास?"

"मी? मी फक्त वायर लावते. मला कुठे येतंय त्यातलं."

न्हाणीघराचं दार उघडलं. बाबा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. लॅपटॉप उघडा बघून त्यांचा हात थांबला.

"बाबा, तुम्ही पासवर्ड टाकून बघत होतात का?"

जयवंत आचरेकर खोटं बोलू शकत नसत. बँकेतही त्याचा त्यांना त्रासच झाला होता. ते पलंगाच्या कडेवर बसले, टॉवेल मांडीवर घेतला.

"बघतो अधूनमधून," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"असंच. तुम्ही उठायच्या आधी. मग ते म्हणतं, थांबा. मग मी आंघोळीला जातो."

देवघरात आईची घंटी मध्येच थांबली.

"तुम्हाला काय हवंय त्याच्यातलं?" क्षितिजाने विचारलं. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला.

"काही नको. उघडलं असतं तरी मी आत काही बघणार नव्हतो. त्याचं काय असेल ते त्याचं." बाबांनी टॉवेलची घडी घातली, परत मोडली. "त्याने काय शब्द ठेवला असेल, एवढंच. रोज बोटांनी लिहीत असेल ना तो. तुझं नाव टाकून बघितलं. आईचं. गावचं. आपल्या कुलदेवतेचं. त्या कुत्र्याचंसुद्धा, लहानपणी तो खाली ज्याच्याशी खेळायचा त्या. एकही नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. "मला नाही सांगितलंत," ती म्हणाली. त्यात राग नव्हता.

"काय सांगायचं?"

क्षितिजाने मग दुरुस्तीच्या दुकानाचं सांगून टाकलं. दहा मिनिटांचं काम आहे, फाइली जात नाहीत, आणि तिला नोकरीसाठी तो एडिटर हवाच आहे.

बाबांनी टॉवेल बाजूला ठेवला. "तोडून नको," ते म्हणाले. "तुझं काम अडत असेल तर तसं सांग. पण दुसरं काही होत असेल तर तोडून नको."

"दुसरं बघते," ती म्हणाली.

दुसरं म्हणजे जॉयल. जितूचा कॉलेजपासूनचा मित्र, वटार गावचा. त्याच्या घरची केळीची आणि भाजीची वाडी होती. तो स्वतः एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. अंत्यविधीला सगळी धावपळ त्यानेच केली होती आणि नंतर तो आला नव्हता. क्षितिजाने त्याला फोन केला.

"जॉयलदादा?"

"हां, बोल. 'आचरेकर' नाव बघून मला वाटलं..." तो थांबला. "काही नाही. बोल."

तिने अडचण सांगितली. तो ऐकत गेला आणि कामाचं बोलायला लागल्यावर त्याचा आवाज सरळ झाला. "अगं, ॲडमिन कशाला लागतं? तू पूर्ण मशीनसाठीचा इन्स्टॉलर घेतलायस. झिप फाइल मिळते, ती उघडायची आणि तुझ्या फोल्डरमध्ये ठेवायची, बस. इन्स्टॉल करायचंच नाही. मी रविवारी येतो. काका असतील ना घरी?"

रविवारी तो चर्चमधली सकाळची मिसा आटोपून आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्याने आईच्या हातात दिलं आणि दारातच उभा राहिला.

"काकू, मला यायचं होतं. जमलंच नाही."

"ये. बस आधी," आई म्हणाली.

तो क्षितिजाच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. माउसला त्याने हात लावला नाही. "तूच कर. तुझ्या अकाउंटवर तुझ्या हाताने."

तिने झिप उतरवली. स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक नवीन फोल्डर केलं, त्यात ती मोकळी केली. फाइली एकामागून एक येत राहिल्या.

"आता त्याच्या आत 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर कर," जॉयल म्हणाला. "म्हणजे हा एडिटर आपलं सगळं सामान तिथेच ठेवेल. बाकी मशीनमध्ये कुठे हात लावणार नाही."

"कोणाला विचारणारही नाही?"

"कोणाला नाही."

तिने क्लिक केलं. पडदा काळवंडला नाही. एडिटर सरळ उघडला, कोरा. बाबा मागच्या खुर्चीवरून बघत होते.

प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहायचा त्या पायथनने थोडा त्रास दिला. बसवताना 'सर्व युजरसाठी' असं लिहिलेल्या खुणेवर टिक होती, ती काढायची राहिली आणि तीच चौकट पुन्हा आली. काळा पडदा, जितूचं नाव, गमछा, शेत. जॉयलने तो फोटो बघितला आणि खिडकीकडे मान वळवली.

"मीच काढला होता," तो म्हणाला. "बैल घुसलेला शेतात. जितू हाकलायला गेला आणि बैलच त्याच्या मागे लागला. नंतर काढला हा."

"फोनमध्ये आहे तुझ्या?" आईने एकदम विचारलं.

"असेल, काकू. शोधून पाठवतो."

क्षितिजाने 'नाही' दाबलं. टिक काढून परत सुरुवात केली आणि या वेळी ते निमूट बसलं. तरी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत, त्याचं नाव लिहिलं की पायथनच्या जागी ॲपच्या दुकानाचं पान उघडायचं. जॉयलने सेटिंगमधलं एक बटण बंद करायला लावलं. मग तिच्या अकाउंटपुरता पत्ता कुठे लिहायचा ते दाखवलं, म्हणजे मशीनला पायथन कुठे आहे ते सापडेल. तिने परत लिहिलं. आकड्यांची एक ओळ आली.

"झालं," जॉयल म्हणाला. "अख्खी मशीन तुझी नसली तरी तुझ्यापुरती जागा आहे. काम तेवढ्यात होतं."

तिने मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. काम झालं एवढं तिला कळत होतं.

आईने कागद सोडून बशी आणली. सुकेळी होती, केळी सुकवून केलेली, तपकिरी आणि चिकट. जॉयलच्या आईने घरी केली होती. बाबांनी एक उचललं, पण खाल्लं नाही.

"जॉयल," ते म्हणाले, "तुला माहीत असेल का रे? त्याचा पासवर्ड?"

जॉयलने मान हलवली.

"नाही, काका. खरंच नाही. कॉलेजमध्ये होता तेव्हाचा माहीत होता. नंतर नोकरी लागल्यावर त्याने बदलला."

"कॉलेजमधला काय होता?"

जॉयल ओशाळला. "जाऊ द्या ना, काका. पोरखेळ होता."

"सांग."

"सुकेळी एक दोन तीन."

बाबांनी हातातल्या सुकेळीकडे बघितलं.

"मी डब्यातून आणायचो," जॉयल घाईघाईने सांगायला लागला. "माझ्या हातात येईपर्यंत डबा रिकामा असायचा. मी चिडायचो. तर एक दिवस म्हणाला, थांब, तुझं नावच देतो पासवर्डला, म्हणजे रोज तुझी आठवण राहील. मग 'जॉयल' नाही, 'सुकेळी' ठेवलं."

"त्याला आवडायची?" आईने विचारलं.

"वेडा होता, काकू."

"घरी कधी बोलला नाही. मी एकदाही आणली नाही."

"घरी कशाला बोलेल, फुकट मिळत होती ना."

बाबांच्या तोंडून एक आवाज आला. क्षितिजाने वळून बघितलं. ते हसत होते की काय ते तिला आधी कळलं नाही. खांदे हलत होते, डोळे मिटलेले होते आणि हातातलं सुकेळं तसंच वर धरलेलं होतं. मग आईने पदर तोंडाला लावला. जॉयल तर उघडच रडत होता, मोठ्या माणसासारखा नाही, पोरासारखा, नाक ओढत.

क्षितिजा मध्ये बसून राहिली. ती एकटीच कोरडी होती. तिने बशीतलं एक उचलून तोंडात टाकलं. गोड होतं आणि दाताला चिकटत होतं. तिने ते सावकाश चावून संपवलं, मग दुसरं घेतलं.

त्यानंतर बाबांनी सकाळी लॅपटॉप उघडला नाही. निदान क्षितिजाला तरी दिसलं नाही. जॉयलने तो फोटो पाठवला. आईने तो फोनवर मोठा करून बघितला, आणि त्यात कोपऱ्यात बैलाचं शिंगही आलंय, ते तिने सगळ्यांना दाखवलं.

क्षितिजाने काम सुरू केलं. लोकांनी बसच्या वेळांच्या केलेल्या तक्रारींची एक फाइल कंपनीने दिली होती. ती वाचून कुठल्या भागातून किती तक्रारी आल्या ते काढायचं होतं. अवघड नव्हतं, पण हात गंजले होते. पहिल्या दिवशी ती नुसती लिहीत आणि खोडत राहिली. दुसऱ्या दिवशी थोडं चाललं. ते काम करताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली. प्रोग्रॅम चुकला की एडिटर लाल रेघ मारायचा आणि कुठल्या ओळीत चुकलं ते सांगायचा. मग ती ओळ बघायची, सुधारायची, परत चालवायचं. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही यायचं नाही. ती जेवायला उठायची तेव्हा तिला भूक लागलेली असायची. कित्येक महिन्यांत तिला ती अशी लागली नव्हती.

बाबा बँकेतून आले की खुर्ची ओढून मागे बसायचे.

"हे काय करतंय?"

"मोजतंय."

"चुकत नाही?"

"मी चुकले तर चुकतं."

"हं," म्हणून ते बसून राहायचे.

मुदतीच्या आदल्या दिवशी तिने प्रोग्रॅम पाठवला. थोड्या दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं.

कंपनीचं ऑफिस वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत, गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली कुठेतरी पत्रा कापत होते. मुलाखत घेणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या, फ्लॉसी नावाच्या, केस आखूड आणि बोलणं भरभर. त्यांनी प्रोग्रॅमबद्दल विचारलं, एक चूक दाखवली, ती कशी सुधारशील ते विचारलं. क्षितिजाने सांगितलं. दुसरी एक गोष्ट तिला आली नाही, तेही तिने सांगितलं.

"ठीक आहे, ते इथे शिकशील," फ्लॉसी मॅडम म्हणाल्या आणि कागद बाजूला सारले. मग सहज, पाणी पुढे करताना म्हणावं तसं म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?"

हा प्रश्न तिला आधीही विचारला होता लोकांनी, पण ते सगळं जितू होता तेव्हाचं होतं. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, आई, बाबा, दादा आणि मी. लहानपणापासून एका दमात म्हणायचं उत्तर.

"आई, बाबा आणि मी," ती म्हणाली.

"छान. सोमवारपासून येता येईल?"

"हो."

ती जिना उतरून खाली आली. पत्रा कापणं थांबलं होतं, कामगार सावलीत डबे सोडून बसले होते. गेटजवळ बंद टपरीच्या फळीवर ती बसली. मग तिच्या गालावरून काहीतरी ओघळलं आणि कुडत्याच्या गळ्यापर्यंत आलं. ते तिने पुसलं नाही. एक माणूस सायकल हातात धरून जाताना थांबला, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे गेला.

बऱ्याच वेळाने तिने घरी फोन लावला.

"झालं का?" आईने विचारलं.

"झालं. सोमवारपासून बोलावलंय."

"बरं झालं. बाबांना कळवते."

"आई."

"काय गं?"

"त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी तिघंच सांगितली."

पलीकडे कुकरची शिटी झाली. आईने गॅस बंद केल्याचं क्षितिजाला ऐकू आलं.

"रडतेस का?" आईने विचारलं.

"हो."

"रड," आई म्हणाली. "मग रिक्षा करून ये. चालत नको येऊस, ऊन फार आहे."